नवव्या वर्षाची भिंत

१

राजा नेबमेरुतला थडग्यात ठेवायला अकरा दिवस उरले होते, आणि त्या सकाळी त्याच्या आयुष्यातलं एक अख्खं वर्ष भिंतीवरून नाहीसं झाल्याचं उघडकीला आलं.

डोंगराच्या पोटात उतरत जाणाऱ्या त्या लांब वाटेच्या दोन्ही अंगांना राजाची एकतीस वर्षांची कारकीर्द कोरलेली होती. एका वर्षाला एक चौकट. पहिल्या चौकटीत दहा वर्षांचं पोर सिंहासनावर बसलेलं, पाय जमिनीला न टेकलेले. पुढे कालवे, धान्याची कोठारं, देवळांचे खांब. आणि नवव्या वर्षी शारेकच्या किल्ल्यापुढची लढाई: निळा मुकुट घातलेला राजा रथात एकटा, धनुष्य ताणलेलं, पुढे पळत सुटलेला शत्रू आणि बाजूला पराक्रमाच्या सहा ओळी. देशातलं शेंबडं पोरसुद्धा ती गोष्ट सांगू शकलं असतं.

आता तिथे जवळजवळ सगळा खरवडलेला दगड होता. खाली एक तांब्याची छिन्नी पडलेली. तिच्या दांड्यावर बदकाची खूण होती. ती खूण थडगी कोरणाऱ्यांच्या त्या गावात सगळ्यांना माहीत होती. ती इपुयची, म्हणजे ती चौकट ज्यानं कोरली त्याचीच.

इपुय हा कोरणाऱ्यांच्या टोळीतला सगळ्यात चांगला हात आणि सगळ्यात वाईट तोंड. आठच दिवसांपूर्वी मुकादमानं त्याला एक घोडा पुन्हा कोरायला लावला होता, तेव्हा बिअरच्या दोन घड्यांनंतर तो सगळ्यांसमोर ओरडला होता, "एक दिवस ही भिंत मीच फोडून टाकीन!"

एवढं पुरेसं होतं. वजीरांचा अधिकारी हेपू दुपारच्या आत नदी ओलांडून आला आणि इपुयच्या हातांना दोर बांधले गेले.

"चार दिवस," हेपू गावच्या पंचायतीच्या लेखनिकाला म्हणाला. "चार दिवसांत तुमची चौकशी लिहून द्या. राजाच्या थडग्याला हात लावणाऱ्याला सूळ, हे तुम्हाला सांगायला नको."

"चौकशी करायची आहे की नुसती लिहायची आहे, सरकार?" पेंदुआनं विचारलं.

हेपू जायला वळला. "करा. पण राजा थांबणार नाही."

पेंदुआ साठी ओलांडलेला, अंगानं काटकुळा. चाळीस वर्षं त्यानं गावातले तंटे लिहिले होते. आता त्याच्या डोळ्यांवर दूध सांडल्यासारखा पडदा आला होता. ते एका माणसालाच ठाऊक होतं, त्याच्या मुलीला. हुनेरोच त्याचं वाचून दाखवायची आणि लिहायचीही.

आणि हुनेरो दोन वर्षांपूर्वीपर्यंत इपुयची बायको होती.

२

"मी त्याची बाजू घेत नाहीये, बाबा," थडग्याची उतरण उतरताना हुनेरो म्हणाली. तिच्या एका हातात दिवा होता, दुसऱ्या हातात बापाचा दंड. "तो आळशी आहे, पितो, उशीपाशी कांदे खातो. घरातली सगळी मडकी त्यानं फोडली. पण भिंत? भिंतीसाठी त्यानं मला सोडलं म्हणा ना. स्वतः कोरलेली भिंत तो मरेपर्यंत फोडणार नाही."

"तुझं म्हणणं हेपूपुढे चालणार नाही. मला भिंतीचं म्हणणं ऐकू दे."

नवव्या चौकटीपाशी पेंदुआ थांबला. त्यानं दहाही बोटं दगडाला लावली आणि उजव्या टोकापासून सावकाश डावीकडे सरकत गेला. वाटेत दोनदा मागे आला.

"इथे उजवीकडे खड्डेच खड्डे आहेत. छिन्नी सरळ ठोकली आहे, खिळा ठोकावा तशी. दगडाचं काम येणारा माणूस छिन्नी तिरपी धरतो."

"मग झालं! इपुय नव्हताच."

"हेपू म्हणेल, मुद्दाम अडाण्यासारखं केलं." त्याची बोटं डाव्या टोकाला पोचली होती. "पण इकडे बघ. इकडे खड्डे उथळ झालेत. इथे तर जवळजवळ सपाट केलंय. सोंग करणारा माणूस आधी सोंग करतो, आणि दमला की त्याचा खरा हात बाहेर येतो. हा तसा नाही. हा खरवडता खरवडता थोडंथोडं शिकत गेलाय. यानं आयुष्यात पहिल्यांदा छिन्नी धरली होती."

हुनेरोनं दिवा खाली नेला आणि म्हणाली, "जमिनीवर कपची नाही, बाबा. एकही नाही."

"टोळीनं झाडलं असेल."

"सकाळपासून कुणाला हात लावू दिलेला नाही. इतका दगड खरवडला तर गुडघ्याएवढा ढीग पडायला हवा."

ज्याला भिंतीचा राग आहे तो चुरा झाडून नेत नाही. पेंदुआनं हे मनात ठेवलं. "काय उरलंय ते वाच."

"'वर्ष नववे', हे आहे. राजाचं नाव आहे, त्याला धक्कासुद्धा नाही. राजाचा चेहरा आहे. रथ नाही, शत्रू नाही, सहा ओळी नाहीत. शेवटचं 'राजा आपल्या घरी परतला' एवढं आहे. आणि..." ती चुकचुकली. "शी! हे काय केलंय! घुबडाचं अक्षर मधोमध कापलंय. अर्धं घुबड तसंच सोडलंय, एक पंख नि एक डोळा."

"अर्धं?"

"जिथे ओळ तोडली तिथेच. आणि त्याच्या बरोबर वर, काठावर, तांबड्या शाईची एक रेघ आहे. बोटभर. दुसरी तशीच रेघ उजवीकडे, जिथून सुरुवात झाली तिथे. हात थरथरलाय काढताना."

"किती उंचीवर?"

"माझ्या कमरेच्या थोडं वर."

पेंदुआ वळला. उभा माणूस भिंतीवर खूण करतो ती डोळ्यासमोर किंवा छातीसमोर. बसून खूण करायची, तर इथे बसायला काय होतं? उतरती, ओबडधोबड वाट, आणि दोन्हीकडे भिंती.

"हुनेरो," तो हळूच म्हणाला, "थडग्यात खुर्चीवर बसून कोण येतं?"

३

औजारांच्या खोपटात इपुय दोरासकट भिंतीला टेकून बसला होता. हुनेरोनं त्याच्यासमोर भाकरी आणि सुकी मासळी ठेवली.

"कांदा नाही आणलास?"

"नाही."

"मामा, बघा. मरायला टेकलोय तरी कांदा नाही."

"मामा ते तुझे दोन वर्षांपूर्वी होते," हुनेरो म्हणाली. "आता ते लेखनिक आहेत. नीट उत्तरं दे."

आदल्या दिवशी गावाला सुट्टी होती, तेव्हा इपुय सकाळी रंग वाळला का ते बघायला गेला होता. औजारांची टोपली तो रोजच तिथे चौकटीखाली ठेवत असे. परत आला तेव्हा हातात नुसता कुंचला होता.

"त्या तांबड्या रेघा तुझ्या?"

"नाही. गेल्या पुरापासून आहेत त्या. मला वाटलं, तपासनिसानं काढल्या असतील, मुकादमाला वाटलं मी काढल्या. कुणी पुसल्या नाहीत."

"आणि घुबड?"

इपुयनं घास खाली ठेवला. "ते घुबड बघून मी सकाळी रडलो, मामा. लोकांना वाटलं घाबरून रडलो. अहो, खोडायचं तर पुरतं खोड, ठेवायचं तर पुरतं ठेव. अक्षर ओळखणारा माणूस घुबडाचे असे दोन तुकडे करेल का?"

पेंदुआ उठला. "करणार नाही," तो म्हणाला. "तेच मला हवं होतं."

थडग्याच्या तोंडाशी पहारा करणारा खावी हा दक्षिणेकडचा धिप्पाड गडी. त्याला तो दिवस पाठ होता, कारण गावाला सुट्टी असताना त्याला नव्हती.

"सकाळी इपुय आला नि गेला. दुपारी महाराजांचा चपला वाहणारा अमेनवा आला. चपलांची पेटी कुठे ठेवायची ती जागा मोजायला. बराच वेळ होता. उन्हं उतरल्यावर सेनापती तुरोई आले, हातात काठी. घटकाभरात बाहेर पडले. बस, तिघंच."

"ठोकण्याचा आवाज?"

"वारा इकडून आत जातो, लेखनिकबुवा. आतला आवाज बाहेर येत नाही."

"अमेनवाची पेटी आतच राहिली?"

"छे, परत नेली. मोजायलाच आणली होती ना." खावी हसला. "म्हातारा होत चाललाय तोही. येताना डोक्यावर घेऊन आला, ऐटीत. जाताना पोटाशी कवटाळून, दर दहा पावलांवर थांबत. मी म्हटलं, देऊ का हात? तर अंगावर आल्यासारखा 'नको' म्हणाला."

"आणि गेल्या पुराच्या दिवसांत महाराज स्वतः इथे आले होते?"

"आले होते की. चालवत नव्हतं त्यांना, खुर्चीत बसवूनच खाली नेलं. मग सगळ्यांना बाहेर काढलं. आत फक्त ते आणि अमेनवा."

परतीच्या वाटेवर हुनेरोचे डोळे चमकत होते. "मग आणखी काय हवंय? चला हेपूकडे!"

"अजून नाही," पेंदुआ म्हणाला. "अमेनवानंतर तुरोई आत गेला. त्यानं खरवडलेली भिंत पाहिली असणार, आणि तो बोलला नाही. शारेकच्या लढाईत तो होता. आधी मला हे कळायला हवं, की सेनापती का बोलला नाही."

४

तुरोईचं घर पैलतीरावर होतं. खजुरांच्या सावलीत बसून तो अंजिरं सोलत होता. सेनापतीच्या मानानं त्याचा आवाज फार मऊ होता.

"चित्रांकडे माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला. "रथ कुठून उतरवायचे ते बघायला गेलो होतो."

"सरदार, तुमच्या स्वतःच्या लढाईची भिंत. तिच्यासमोरून तुम्ही दिवा घेऊन गेलात, आणि बघितलं नाही?"

"माझी लढाई नाही ती. राजाची."

"तुम्ही तिथे होता."

"कोपऱ्यात होतो. बावीस वर्षांचा, पन्नास माणसांचा नायक."

पेंदुआ थोडा पुढे सरकला. "तुम्हाला वाचता येतं. ज्यानं खरवडलं त्याला येत नाही. तुमच्या हातात काठी होती, पेटी नव्हती, आणि दगडाचा चुरा पेटीतून बाहेर गेलाय. तेव्हा तुमच्यावर माझा आरोप नाही. पण बाहेर पडून तुम्ही खावीला एका शब्दानं सांगितलं नाहीत, ते का?"

तुरोईनं अंजीर खाली ठेवलं.

"बावीस वर्षं गप्प राहिलोय, लेखनिक. सवय झाली आहे."

"तुमच्या सवयीपायी एक माणूस सुळावर जातोय," हुनेरो म्हणाली. पेंदुआनं तिचा हात दाबला, पण ती थांबली नाही. "तो चांगला नवरा नाही, सरदार. पण त्यानं हे केलेलं नाही, आणि ते तुम्हाला माहीत आहे."

सेनापतीला असं कुणी बोललं नसावं. तो रागावला नाही. उलट, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला.

"त्या दिवशी दुपारी मी निळा मुकुट पडताना पाहिला," तो म्हणाला. "माझ्यापासून दगडफेकीवर. छातीत दोन बाण. राजा पडला म्हणून आम्ही वेड्यासारखे धावलो, आणि त्या वेडात लढाई जिंकलो. संध्याकाळी छावणीत परतलो, तर राजा तंबूच्या दारात उभा. अंगावर ओरखडा नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि केसांत बोरूची पानं." त्यानं अंजीर पुन्हा उचललं. "त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला बढती मिळाली."

"मुकुट कुणाच्या डोक्यावर होता?"

"ते मला विचारू नका. अमेनवाला विचारा. सख्खा भाऊ होता त्याचा."

५

राजाचा देह जिथे सत्तर दिवसांसाठी मिठात ठेवला होता, त्या तंबूबाहेर अमेनवा जमिनीवर बसलेला होता. मांडीवर राजाची सोन्याची चप्पल. तो ती कापडानं पुसत होता, आणि ती केव्हाच लख्ख झाली होती.

"सुट्टीच्या दिवसापासून इथून हललेला नाही," तंबूतला पुजारी म्हणाला. "भाकरीलासुद्धा उठत नाही."

पेंदुआ त्याच्यासमोर बसला. पन्नाशीचा माणूस. हाताच्या पंजांवर ताजे फोड.

"छिन्नी धरायची सवय नसली की असं होतं," पेंदुआ म्हणाला.

अमेनवानं हात मागे घेतले नाहीत. "कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं मला. दगड आहे, मीठ धरतो, पडतो कधी कधी. छिन्नी तिथेच विसरलो ते नंतर आठवलं."

"ती छिन्नी इपुय नावाच्या माणसाची. तो दोरात आहे. तीन दिवसांनी त्याला सूळ."

चप्पल अमेनवाच्या मांडीवरून घसरली. तो उठून उभा राहिला, कमरेचं कापड नीट केलं आणि म्हणाला, "चला."

"कुठे?"

"जिथे सांगायचं तिथे. मला माहीत नव्हतं हो. माझ्या आईची शपथ, मला माहीत नव्हतं."

"बस आधी," हुनेरो म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे तिचा आवाज अगदी हळू होता. "आधी आम्हाला सांग."

त्यानं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ राजाचा सारथी होता, नाव नेखी. शारेकपुढे शत्रू अचानक उजवीकडून आला तेव्हा एकोणीस वर्षांचा राजा थरथरायला लागला. लगाम हातातून सुटले. नेखीनं काही विचारलं नाही. राजाच्या डोक्यावरचा मुकुट काढला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला, राजाला ढकलून रथातून खाली उतरवलं आणि धाकट्या भावाला म्हणाला, 'याला बोरूच्या बेटात घेऊन जा, तोंडातून आवाज येऊ देऊ नकोस.' आणि एकट्यानं रथ हाकला.

"मी महाराजांच्या तोंडावर हात ठेवून दिवसभर चिखलात पडून होतो. दुसऱ्या हातात त्यांच्या चपला होत्या. भावाचं प्रेत सापडलं नाही. म्हणजे शोधायलाच गेलं नाही कुणी. राजाच्या मुकुटात मेलेला माणूस सापडला असता तर काय सांगणार?"

"आणि तू त्यांची चाकरी केलीस? त्यानंतर बावीस वर्षं?"

"सुरुवातीला रागानं केली. रोज चपला घालताना वाटायचं, यानं माझ्याकडे बघावं. आणि ते बघायचे, लेखनिकबुवा. रोज बघायचे. त्यानंतर एकदाही त्यांनी लढाईला फौज पाठवली नाही. सरदार हसायचे, म्हणायचे राजाला कालव्यांचं वेड लागलंय. मला ठाऊक होतं कसलं वेड ते." त्यानं चप्पल उचलून पुन्हा मांडीवर घेतली. "गेल्या पुरात थडगं बघायला गेलो. त्या भिंतीसमोर खुर्ची थांबवली. म्हणाले, 'अमेनवा, मेल्यावर देव तराजूत एका बाजूला माझं काळीज ठेवतील, दुसऱ्या बाजूला सत्याचं पीस. काळजाला मी कसंही समजावीन. पण ही भिंत माझ्या पाठीमागे ओरडत राहील. जिवंतपणी मला हे पुसता येत नाही, माझ्या मुलाचं सिंहासन याच गोष्टीवर उभं आहे. मी गेलो की तू पूस.' मला वाचता येत नाही, म्हणून दोन रेघा मारून दिल्या. इथपासून इथपर्यंत."

"कपच्या का नेल्यास?"

"खोटे शब्द त्यांच्या पायाशी पडलेले कसे ठेवू? नदीत सोडले."

६

हेपूनं सगळं ऐकून घेतलं. पंचायतीच्या खोलीत तो, पेंदुआ, हुनेरो आणि तुरोई, चौघंच होते. कडेला तुरोई काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो स्वतःहून आला होता.

"म्हणजे चपला वाहणारा," हेपू म्हणाला. "मग दोर त्याच्या हाताला."

"कुठल्या गुन्ह्यासाठी, सरकार?"

"राजाचं थडगं विद्रूप केलं."

"थडगं कुणाचं? राजाचं. राजानं स्वतः खुर्चीत बसून खूण केली, इथपासून इथपर्यंत काढ म्हणून. मालकानं आपल्या घराची भिंत काढायला सांगितली, आणि गड्यानं काढली. गुन्हा कोणता झाला?"

"रेघ कुणीही मारू शकतो."

"बसलेल्या माणसाच्या उंचीवर? त्या वाटेत बसून गेलेला एकच माणूस आहे, आणि खावी त्याला साक्षी आहे. खरवडणाऱ्याला वाचता येत असतं तर घुबड पुरतं राहिलं असतं किंवा पुरतं गेलं असतं. अर्धं घुबड सांगतं, की करणारा दुसऱ्याच्या खुणेवर चालत होता."

हेपू उठून दाराशी गेला. परत आला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावरही कुणीतरी होतं.

"आणि शारेक?" तो हळू म्हणाला. "तुम्ही हे चौकशीत लिहिलंत तर नवा राजा पहिल्याच महिन्यात काय ऐकेल? की त्याचा बाप चिखलात लपला होता?"

"आणि अमेनवाला सूळ दिलात तर कारण लिहावं लागेल," पेंदुआ म्हणाला. "कारण लिहिलं की शारेक आलाच."

"असं लिहा, की दगडानं मीठ धरलं, चौकट पडली."

चाळीस वर्षांत त्यानं अनेकांचं खोटं लिहून घेतलं होतं, पण ते त्यांचं म्हणून. "ते मी लिहिणार नाही," तो म्हणाला. "एक भिंत खोटी म्हणून राजाची झोप उडाली, सरकार. त्याच थडग्यासाठी दुसरं खोटं मी कसं लिहू?"

तुरोईनं काठी आपटली. "मी बावीस वर्षं गप्प होतो, हेपू. माझ्यावर विश्वास ठेव, ते जमतं. पण चांगलं वाटत नाही."

शेवटी हेपू बसला. "काय लिहिणार, ते सांगा तर खरं."

पेंदुआनं सांगितलं, आणि हुनेरोनं लिहिलं: नवव्या वर्षाची चौकट राजाला पसंत नव्हती. त्याच्या आज्ञेवरून ती काढली. यात कुणाचा दोष नाही. ती नव्यानं कोरावी.

"यात एक शब्द खोटा नाही," पेंदुआ म्हणाला.

हेपूनं दोनदा वाचून आपला शिक्का उठवला. "सात दिवस आहेत. काय कोरायचं ते मला दाखवायचं."

सात दिवस इपुय थडग्यात राबला. हुनेरोनं त्याला भाकरी पोचवली, आणि तिसऱ्या दिवसापासून कांदाही. "याचा अर्थ काही नाही," ती म्हणाली. "मी विचारलं का?" तो म्हणाला.

शत्रू नव्हते, बाण नव्हते. एक रथ होता, सावकाश घराकडे येणारा. राजा मागे उभा, हात रिकामे. पुढे सारथी, लगाम हातात. त्याच्या डोक्यावर लहानसा, जेमतेम तळहाताएवढा मजकूर.

हेपू दिवा घेऊन त्या चौकटीसमोर उभा राहिला. "हा कोण?"

"सारथी," इपुय म्हणाला. "रथ कुणीतरी हाकायला लागतोच, सरकार."

हेपू त्या लहान अक्षरांकडे वाकला. त्याला वाचता येत होतं. तो सरळ झाला. "हो, लागतोच," तो म्हणाला आणि पुढच्या चौकटीकडे वळला.

सामान आत न्यायच्या दिवशी अमेनवा चपलांची पेटी डोक्यावर घेऊन आला. नवव्या वर्षापाशी त्याचे पाय थबकले. त्यानं चित्र ओळखलं, पण अक्षरं त्याला मुकीच होती. मागून पेंदुआला धरून हुनेरो येत होती. तिनं दिवा वर केला.

"काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"नेखी," तिनं वाचलं.

अमेनवा पेटी खाली न ठेवता तसाच उभा राहिला. आजूबाजूला माणसं येत-जात होती, मुकादम घाई करत होता.

"परत म्हण."

"नेखी. राजाचा सारथी."

मग त्यानंही ते नाव उच्चारलं. बावीस वर्षांनी, चारचौघांत, मोठ्यानं.